जुन्या गाडीचा एसी आणि बुडबुड्यांचा चकवा

जुन्या गाडीच्या एसीला नवा कॉम्प्रेसर, नवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) बसवला, पाऊण तास व्हॅक्यूम धरला (पंपाने आतली हवा खेचून काढली), मूळच्या आर-१२ गॅसऐवजी नवा आर-१३४ए भरला. तरी हवा कोमटच! चूक माझीच. ड्रायरच्या काचेत बुडबुडे दिसतात म्हणून मी गॅस ढकलत राहिलो. बुडबुडे म्हणजे गॅस कमी, ही खूण आर-१२ च्या काळात चालायची. आर-१३४ए मध्ये गॅस पुरेसा असतानाही काचेत फेस दिसू शकतो. हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) काटा चढत होता, म्हणजे गॅस जास्त झाला होता, पण तिकडे लक्षच नाही.

मग सगळा गॅस मशीनने काढून घेतला, पुन्हा व्हॅक्यूम, आणि या वेळी डबा वजनकाट्यावर ठेवून भरला: मूळ आर-१२ च्या वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्के. एसीच्या हवेच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर ३१ वरून ७ अंशांवर आला. (तो स्वयंपाकघरातून ढापलेला, अजून परत केलेला नाही.)