पहिल्या ग्लेझची बादली: नवशिक्यांसाठी

ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर लावायचं, भट्टीत वितळून काचेचा थर होणारं मिश्रण. विटकरी दिसणाऱ्या ग्लेझच्या बादलीत भांडं बुडवा, भट्टीतून ते काळंभोर निघेल. फिकट जांभळट बादलीतलं गर्द निळं होतं. म्हणून ग्लेझ बादलीतल्या रंगावरून निवडू नका, भाजून बघितलेल्या टाइलवरच्या नमुन्यावरून निवडा. आणि सुरुवातीला एकच बेस, म्हणजे रंग न घातलेलं मूळ मिश्रण, घेऊन तो नीट ओळखीचा करा.

1280 ते 1300 अंश सेल्सिअसच्या भट्टीसाठी जुना, भरवशाचा बेस वजनाच्या भागांत असा: फेल्डस्पार (एक खनिज) 40, क्वार्ट्झ (गारेची पूड) 30, व्हायटिंग (कॅल्शियम कार्बोनेटची पूड) 20, चायना क्ले (पांढरी माती) 10. काच होते ती मुख्यतः क्वार्ट्झची, पण तो एकटा वितळायला 1700 अंशांच्या वर जावं लागतं. फेल्डस्पार आणि व्हायटिंग त्याला लवकर वितळवतात. चायना क्लेमुळे ग्लेझ बादलीत लगेच खाली बसत नाही आणि भट्टीत ओघळत नाही. हाच बेस 1220 अंशांना भाजला तर खरखरीत, अर्धवट वितळलेला निघतो. दोष तेव्हा रेसिपीचा नसतो.

रंगाचे ऑक्साइड या 100 भागांवर वेगळे धरायचे. लाल आयर्न ऑक्साइड 1 टक्का घातलं तर रिडक्शनमध्ये, म्हणजे भट्टीत हवा कमी ठेवून भाजल्यावर, हिरवट निळा सेलाडॉन मिळतो. भरपूर हवेत तेच फिकट मधाळ दिसतं. 8 ते 10 टक्के घातलं की काळा-तपकिरी तेनमोकू. कोबाल्ट कार्बोनेट 1 टक्कासुद्धा गर्द निळ्याला पुरतं, त्यामुळे ते दशांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावरच तोला. क्रोम ऑक्साइड असलेलं भांडं टिन ऑक्साइडच्या पांढऱ्या ग्लेझशेजारी ठेवू नका. क्रोमची वाफ लागून पांढऱ्यावर गुलाबी झाक येते.

तोलण्याआधी एन-95 मास्क लावा, साधा कापडी चालत नाही. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पावडर पाण्यात सोडा, पावडरीवर पाणी ओतू नका. सांडलेलं ओल्या स्पंजने पुसा. कोरडा झाडू स्टुडिओत नकोच. शिसं आणि बेरियम कार्बोनेट नवशिक्याने हाताळूच नये. मँगनीज असलेल्या भाजणीत भट्टीजवळ थांबू नका, त्याची वाफ मेंदूला घातक असते.

एक किलो पावडरीला साधारण एक लिटर पाणी लागतं. रात्रभर मुरू द्या, 80 मेशच्या (इंचाला 80 छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळा. मग 100 मिली ग्लेझ तोला: 140 ते 145 ग्रॅम भरायला हवं. बिस्क, म्हणजे ग्लेझ न लावता एकदा भाजलेलं भांडं, ओल्या स्पंजने पुसून वाळवा, 2-3 सेकंद बुडवा, बाहेर काढून उलटं धरा. वरची ओली चमक हळूहळू विझते, कारण बिस्क पाणी पिऊन घेतं. पूर्ण विझल्यावर सुईने एक बारीक रेघ ओढून जाडी बघा. एक मिलिमीटरच्या आसपास हवी. तळ आणि त्याच्या वरचे 3-4 मिलिमीटर पुसून कोरे ठेवा, नाहीतर भांडं भट्टीतल्या शेल्फला चिकटतं.

ग्लेझ मागे सरकून बिस्क उघडं पडलं, तर बहुतेक वेळा धूळ, हाताचा तेलकटपणा किंवा जास्त जाडी कारण असते. बारीक तडे म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. क्वार्ट्झ 5 भागांनी वाढवून परत टाइल भाजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. प्रत्येक टाइलच्या मागे आयर्न ऑक्साइडने नंबर लिहा, पेनची शाई भट्टीत जळून जाते.

खाण्यापिण्याच्या भांड्यावर, विशेषतः लोणच्याच्या बरणीत आतून, ऑक्साइड न घातलेलं पारदर्शक ग्लेझ लावा. मीठ आणि आंबट दोन्ही महिनोन्महिने त्याला टेकून राहणार असतात. तांब्याचं हिरवं बाहेरच्या बाजूला शोभतं. नमुन्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग फिका किंवा चमक मंद दिसली, तर ते ग्लेझ जेवणाच्या भांड्यांतून काढून टाका. रंग टिकला म्हणून मात्र ते सुरक्षित ठरत नाही. विकायच्या भांड्यांसाठी प्रयोगशाळेतूनच तपासणी करून घ्या.