युद्धकाळात उद्यानात भाषण करताना
युद्ध चालू असताना कोल्हापूरच्या टाऊन हॉल उद्यानात किंवा महावीर उद्यानात बोलायचे असेल, तर आधी महापालिकेची व पोलिसांची परवानगी घ्यावी. कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक घरांतली मुले सैन्यात आहेत, म्हणून समोरच्या बाकावर एखाद्या जवानाची आई बसली आहे असे मानूनच प्रत्येक वाक्य उच्चारावे; मृतांचे आकडे आवेशाने सांगू नयेत आणि सैन्याच्या हालचालींविषयी, माहिती ऐकीव असो वा खरी, अवाक्षरही काढू नये. लंडनच्या हाइड पार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धातही वक्ते बोलत राहिले आणि श्रोते त्यांना अडवून प्रश्न विचारत राहिले. तसे प्रश्न येऊ द्यावेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ध्वनिवर्धकाचे तोंड खेळणाऱ्या मुलांकडे नसावे. हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजताच भाषण थांबवून लोकांना शांतपणे जवळच्या पक्क्या इमारतीत न्यावे.