शाळेच्या अर्जातील धर्माचा रकाना कसा भरावा

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि त्या आठवड्यात कार्यालयासमोरच्या बाकावर अर्ज मांडीवर घेऊन बसलेल्या पालकांचा हात नेहमी ‘धर्म’ आणि ‘जात’ या दोनच रकान्यांवर थांबतो. बावीस वर्षे दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, लिहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हात थांबतो ते योग्यच आहे. माणूस काय मानतो हे त्या रकान्यात विचारले आहे, की तो कोणाच्या पोटी जन्मला हे विचारले आहे, याचा उलगडा झाल्याशिवाय तिथे काही लिहू नये.

हे दोन प्रश्न किती सहज एकमेकांत मिसळतात, हे लंडनच्या एका खटल्यात फार स्पष्ट दिसले, म्हणून तो आधी समजून घ्यावा. जेएफएस ही तिथली 1732 पासूनची परंपरा सांगणारी, सरकारी अनुदानावर चालणारी ज्यू शाळा. जागांपेक्षा अर्ज जास्त येत असल्यामुळे ती ज्यू मुलांना प्राधान्य देत असे, आणि ज्यू कोण हे प्रमुख रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाच्या नियमाने ठरत असे: ज्याची आई जन्माने ज्यू आहे किंवा जिने सनातनी (ऑर्थोडॉक्स) ज्यू पद्धतीने धर्मांतर केले आहे, तो ज्यू. एका मुलाचे वडील ज्यू होते आणि आई मूळची इटालियन कॅथलिक. आईने धर्मांतर केले होते, पण ते सनातनी पंथाच्या सभागृहात झाले नव्हते. मुलगा नियमाने प्रार्थनेला जात होता, तरी त्याला प्रवेश मिळाला नाही. उलट ज्याची आई जन्माने ज्यू आहे, असा मुलगा कधी प्रार्थनेला गेला नसेल, देवच मानत नसेल, तरी त्या नियमात बसत होता.

16 डिसेंबर 2009 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायमूर्तींनी पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा थेट वांशिक भेदभाव ठरवला. शाळेचा हेतू धार्मिक होता आणि तिच्या मनात द्वेष नव्हता, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र कसोटी आईच्या वंशाची असल्यामुळे 1976 च्या वंशसंबंध कायद्याने ती चालणार नव्हती. त्यानंतर शाळेने प्रार्थनास्थळातील उपस्थिती, धार्मिक शिक्षण यांसारख्या आचरणाच्या खुणा पाहायला सुरुवात केली. हा तोडगा कागदावर सोपा असला तरी मला तो पुरता पटलेला नाही, कारण ज्यू परंपरेत कूळ आणि श्रद्धा ही एकाच दोराचे दोन पदर आहेत आणि हजेरी मोजून ते सुटे होत नाहीत. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंनी तर हे सोसलेलेच आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक इस्रायलला गेल्यावर 1962 मध्ये तिथल्या रब्बींनी लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला, आणि मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये त्यांना समान मानले गेले.

आता आपल्या बाकावर येऊ. अर्ज जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेचा असेल, तर धर्माच्या रकान्यात काय लिहिले म्हणून प्रवेश नाकारला जाईल, ही भीती प्रथम सोडावी. केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने अशा शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद 29(2) सांगते. खरा प्रश्न पुढे, जात पडताळणीच्या वेळी उभा राहतो, आणि तो पहिल्या वर्गाच्या नोंदीपासून सुरू होतो. अर्ज अल्पसंख्याक संस्थेच्या राखीव जागेसाठी असेल, तर रकाना श्रद्धेचा आहे असे समजावे. शिष्यवृत्ती किंवा आरक्षणासाठी असेल, तर जातीचा रकाना जन्माचा आहे असे समजावे.

सर्वांत जास्त चुका बौद्ध कुटुंबांच्या नोंदीत होतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्या घरांतून आलेले पालक दोन्ही रकान्यांत अभिमानाने ‘बौद्ध’ लिहितात. श्रद्धेच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे, पण अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ ही जात नाही. 1990 च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्ध धर्मीयांचाही समावेश झाला, तरी मूळ जात दाखवावीच लागते. म्हणून धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात आजोबांच्या नोंदीतील जात, उदाहरणार्थ ‘महार’, असे लिहावे. आमच्या जुन्या रजिस्टरात 1957 सालच्या पानावर ‘हिंदू महार’ हे शब्द एका आडव्या रेषेने खोडून वर निळ्या शाईत ‘बौद्ध’ लिहिले आहे, आणि बाजूला मुख्याध्यापकांची इवलीशी सही आहे. ती सही नसती, तर त्या पानाला आज कोणी विचारले नसते.

गोंड पालकांची अडचण निराळी आहे. एका आजीने मला विचारले होते, “मास्तर, आमी त गोंड, आमचा देव बडादेव, मंग हिंदू कायले लिवू?” अनुसूचित जमातीसाठी धर्माची अट नाही, त्यामुळे जमात ‘गोंड’ अशी स्पष्ट लिहिली की दाखल्याचे काम भागते, आणि धर्म कुटुंबाने स्वतः ठरवावा. काहीच लिहायचे नसेल तरी चालते. धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले आहे. लिपिकाने मात्र स्वतःच्या मनाने ‘हिंदू’ लिहून पान पुरे करू नये. मीही सुरुवातीची काही वर्षे तेच करत होतो.

आंतरजातीय विवाहातील मुलांच्या बाबतीत जेएफएसच्या नियमाची उलट बाजू दिसते: तिथे आई निर्णायक, इथे सामान्यतः वडिलांची जात गृहीत धरली जाते. मात्र ते केवळ गृहीतक आहे. आई अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल आणि मूल तिच्या समाजात वाढून तिथल्याच हालअपेष्टा भोगत असेल, तर पुराव्याने ते खोडता येते, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले. अशा आईने मुलाच्या संगोपनाचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.

पुरावा शोधताना अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 (त्या-त्या याद्यांच्या आदेशांच्या तारखा) यांपूर्वीचे कागद आधी पाहावेत. ज्यू घरांत आईच्या आईचा विवाहकरार शोधतात, तसा आपल्याकडे आजोबांचा दाखल-खारीजचा उतारा आणि तहसिलीतील कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल शोधावी लागते. आजोबांचे नाव आणि जात त्या कागदावर जशी आहे, ऱ्हस्व-दीर्घासकट तशीच अर्जात उतरवावी. नोंद झाल्यावर रजिस्टर उघडून ती ओळ स्वतः वाचावी, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि चूक दिसली तर मूल शाळेत असतानाच लेखी अर्ज द्यावा. शाळा सोडल्यानंतर ती ओळ बदलणे फार अवघड होते.