भाड्याच्या फ्लॅटमधला पाहुणा हलत नसेल तर

मित्र किंवा नातेवाईक 'पंधरा दिवसांसाठी' आला आणि आता खर्चही देत नाही, जातही नाही. कायद्याच्या नजरेत तो भाडेकरू नसून तुमच्या परवानगीने राहणारा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार अशी परवानगी सहसा काढून घेता येते, मात्र निघायला वाजवी मुदत द्यावी लागते.

लेखी नोटीस द्या: कधीपासून राहतो, परवानगी रद्द, अमुक तारखेपर्यंत खोली रिकामी करावी. पंधरा दिवस पुरेत. स्पीड पोस्टने पाठवा, व्हॉट्सअॅपवरही टाका, पावती जपा. यानंतर त्याच्याकडून 'भाडे' म्हणून एक रुपयाही घेऊ नका. यूपीआयवरची तशी नोंद पुढे तुमच्यावरच उलटते.

कुलूप बदलणे, सामान जिन्यात फेकणे, वीज तोडणे हे मोह टाळा. बेकायदा बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. पोलीस खोली रिकामी करून देत नाहीत. धमकी वा मारहाण झाली तरच 112.

मुदत संपली की दावा. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) चालतो. त्याआधी घरमालकाशी झालेला स्वतःचा भाडेकरार वाचा, पोटभाडेकरूबंदीचे कलम बहुधा असतेच. घरमालकाला आधीच कळवलेले बरे, नाहीतर तो तुम्हालाच बाहेर काढायचा.