शेवळांचा धागा आधी, फोटो मग

पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर शेवळं ही रानभाजी दिसली की मी दोन जुड्या घेते आणि तिथेच उभ्या उभ्या मॅस्टोडॉन या छोट्या पोस्टच्या समाजमाध्यमावर चार ओळी टाकते: मावशी कुठे बसल्यात, जुडी कितीला, सोबत काकडं (शेवळांत घालायची आंबट रानफळं) आहेत की नाहीत. ही बातमी दुपारपर्यंतच खरी. टोपली रिकामी झाली की मावशी कसारा लोकल पकडतात. पण शेवळं साफ कशी करायची, खाज कशाने मरते, काकडं मिळाली नाहीत तर काय, हे प्रश्न दरवर्षी तेच असतात आणि दरवर्षी कुणीतरी नव्याने विचारतं. त्यांची उत्तरं मी लेमी या चर्चामंचावर एका धाग्यात, म्हणजे एका शीर्षकाखालच्या चर्चेत ठेवते. शिळं होणारं छोट्या पोस्टमध्ये आणि टिकणारं धाग्यात, अशी माझी सरळ वाटणी आहे.

या दोन्ही जागा वेगवेगळ्या, आणि अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर विखुरलेल्या असल्या तरी त्यांची बोली एकच आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपब हे त्या बोलीचं नाव. २०१८ मध्ये ती अधिकृत मानक झाली. त्यामुळे मॅस्टोडॉनवर बसून लेमीच्या धाग्यात उत्तर देता येतं, आणि ते तिथे साध्या प्रतिक्रियेसारखं दिसतं.

गेल्या जूनमध्ये माझ्याकडून चूक झाली. मी शेवळांचा छान फोटो टाकला, ‘आली एकदाची!’ असं लिहिलं आणि साफ करायची सूचना खाली उत्तरात जोडली. पोस्ट बरीच बूस्ट झाली, म्हणजे लोकांनी ती आपापल्या फॉलोअरांपुढे नेली. ऐरोलीतल्या एका मुलीने ती तिसऱ्याच्या बूस्टमधून पाहिली, शेवळं आणली आणि पालेभाजीसारखी चिरून फोडणीला टाकली. संध्याकाळभर तिचा घसा खाजत राहिला. बूस्ट फक्त तेवढीच एक पोस्ट पुढे नेतो. खालची उत्तरं सोबत जात नाहीत. शिवाय आपलं प्रत्येक उत्तर प्रत्येक सर्व्हरवर पोचेलच असंही नाही. तेव्हापासून मी खाण्याच्या वस्तूचा फोटो धाग्याच्या दुव्याशिवाय टाकत नाही, आणि धोक्याची ओळ त्याच पोस्टमध्ये, पहिल्या दोन वाक्यांत लिहिते. काही दुरुस्त करायचं झालं तर खाली उत्तर देत बसू नका, मूळ पोस्टच संपादित करा. बदल बाकीच्या सर्व्हरांकडेही जातो.

म्हणून क्रम असा: आधी धागा. त्यासाठी लेमीवर वेगळं खातं काढा. मॅस्टोडॉनवरूनही धागा निघतो: पोस्टमध्ये कम्युनिटीचा (लेमीवरच्या विषयवार गटाचा) पत्ता लिहायचा, की ती तिथे नवा धागा म्हणून उमटते आणि पहिली ओळ शीर्षक होते. म्हणून तसं करताना पहिल्या ओळीत ‘शेवळं साफ करण्याची रीत’ असं नेमकं लिहा आणि पत्ता शेवटी टाका. लेमीवर कम्युनिटीचा पत्ता उद्गारचिन्हाने सुरू होतो, मॅस्टोडॉनवर त्याच जागी @ लावायचं. मला मात्र टिकाऊ मजकुरासाठी ही वाट पसंत नाही, त्याचं कारण पुढे येतंय.

धाग्यात सगळं सविस्तर लिहा. माझ्यात आहे ते असं: वरचं आवरण सोलून आतला दांडा बघायचा, त्याच्या खालचा पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाकायचा. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. काकडं ठेचून, उकडून त्यांचा आंबट रस गाळून घालायचा. काकडं नसतील तर चिंच, पण हात सैल सोडून. आमच्याकडे यात कोलंबी पडते, शेजारी वाल घालतात. त्यावरून धाग्यात प्रेमाने भरपूर वाद झाला आहे, आणि तो वाद वाचण्यासारखा आहे.

मग छोटी पोस्ट. मॅस्टोडॉनवर साधारणपणे ५०० अक्षरं मिळतात, एवढ्या बातमीला ती पुरून उरतात. पोस्ट सार्वजनिकच ठेवा, नाहीतर हॅशटॅगखाली ती कुणाला दिसणार नाही. ‘रानभाजी’ आणि ‘रानभाज्या’ हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे टॅग आहेत, म्हणून मी दोन्ही लावते, सोबत ‘ठाणे’. हॅशटॅग फॉलो करण्याची सोय २०२२ पासून आहे, पण तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्याच पोस्ट त्यात दिसतात. फोटोचं वर्णन लिहा, ज्यांना दिसत नाही त्यांनाही जुडी कळू दे. आणि मावशींचा चेहरा टाकू नका. हात आणि टोपली पुरते.

धाग्याचा दुवा उघडल्यावर वाचणारा भलत्याच सर्व्हरवर जाऊन पडतो, तिथे त्याचं खातं नसतं. म्हणून मी पोस्टमध्येच सांगते: दुवा कॉपी करून तुमच्या मॅस्टोडॉनच्या शोधपट्टीत चिकटवा, म्हणजे धागा तुमच्याच खात्यात उघडेल आणि तिथूनच उत्तर देता येईल. उत्तर देताना आपोआप आलेली नावं पुसू नका, त्यांच्यामुळेच ते योग्य ठिकाणी पोचतं.

मॅस्टोडॉनवरून कम्युनिटी फॉलो केलीत तर धाग्यांसोबत सगळ्या प्रतिक्रियाही येऊन आदळतात. तिला वेगळ्या यादीत टाका आणि त्या यादीतल्या पोस्ट मुख्य पानावरून लपवायचा पर्याय निवडा. उलट दिशेने मात्र वाट नाही: लेमीवरून मॅस्टोडॉनच्या माणसाला फॉलो करता येत नाही. दोन्ही एकाच खात्यातून हवं असेल तर याच बोलीतली तिसरी जागा, एमबिन, बघा. तिथे धागे आणि छोट्या पोस्ट शेजारी शेजारी असतात, आणि मॅगझिनला (तिथल्या कम्युनिटीला) टॅग जोडून ठेवले की त्या टॅगच्या पोस्ट आपोआप तिथे जमतात.

आता ते कारण. गेल्या वर्षीचा भाव यंदा कुणाला नको, म्हणून मी मॅस्टोडॉनमध्ये जुन्या पोस्ट दोन आठवड्यांनी आपोआप पुसायची सोय चालू ठेवली आहे. पण मॅस्टोडॉनवरून काढलेला धागा ही मुळात पोस्टच असते. ती पुसली की पुसल्याचा निरोप लेमीकडेही जातो आणि धागा नाहीसा होतो. तुमचा धागा तसा निघाला असेल तर ती पोस्ट आजच पिन करा किंवा स्वतःच बुकमार्क करा, आणि सेटिंगमध्ये पिन व बुकमार्क केलेल्या पोस्ट पुसण्यातून वगळल्यात ना ते तपासा.

लेमीवर जुना धागा यादीत सहसा परत वर येत नाही, नवी प्रतिक्रिया आली तरी. तो वर आणायचं काम छोटी पोस्ट करते. दर जूनला मी नवा धागा काढत नाही. जुन्याचाच दुवा ताज्या भावासोबत टाकते, आणि ऐरोलीची ती मुलगी सगळ्यांच्या आधी तो बूस्ट करते. धाग्यात तिने स्वतःची पद्धतही लिहिली आहे, काकडं किती घ्यायची त्याच्या मापासकट.