काच तापली की आतला पडदा काय करणार

आमचं घर बेळगावात वडगावकडं, लांबट, दोन्ही बाजूंना शेजारी चिकटलेले, म्हणून मधल्या खोलीच्या स्लॅबला तीन बाय तीनचं स्कायलाइट, म्हणजे छतातली काचेची खिडकी, काढून घेतलं. उजेड झक्कास पण एप्रिल लागला की दुपारी तिथं बसवायचं नाही. आधी आतून जाड पडदा मारला, तरी तापायलंय ते तापायलंयच. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदाच तापतो आणि ती धग खोलीतच राहते, काच ऊन आत सोडते पण धग तशी बाहेर सोडत नाही बघा. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं.

आणि सुरुवात स्कायलाइटपासनं करा. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, म्हणजे सगळा मार वरच्या काचेवर. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा असेल तर तिच्यावर पैसे घालू नका. पश्चिमेच्या खिडकीला मात्र बाहेरनं बांबूचा चिक (पट्ट्यांचा गुंडाळता येणारा पडदा) लावाच.

वर काय लावायचं? शेतीच्या दुकानात मिळती ती ७५ टक्क्यांची, म्हणजे पाऊण ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट, अँगलच्या फ्रेमवर ताणून काचेपासनं वीतभर वर ठेवायची, मधनं वारा खेळला पाहिजे, काचेला चिकटवली तर निम्मा उपयोग गेला. एवढं नको असेल तर मार्चमध्ये काचेवर पातळ चुना मारा, पावसात आपोआप धुऊन जातो (फेविकॉल घालू नका, मग खरवडत बसाल). कौलारू घरात काचेच्या कौलाला पण हेच चालतं. काळी फिल्म मी साध्या काचेवर लावली होती, अर्ध्या भागावर टाकीची सावली, अर्ध्यावर ऊन, दुसऱ्याच महिन्यात काच तडकली.

नवीन करायलाय तर दुहेरी थराची पॉलिकार्बोनेट शीट घ्या, मधल्या हवेनं उष्णता अडती. यूव्ही कोटिंगची (उन्हापासनं शीट वाचवणाऱ्या थराची) बाजू वरच आली पाहिजे, गवंडी हमखास उलटी बसवतो, उभं राहून बघा. बाजूला जाळीच्या फटी ठेवायला सांगा, गरम हवा वर चढती तिला वाट नको काय? आणि शीटवर पाय देऊन चढू नका.

नेट जूनच्या आधी काढायची, नाहीतर वारा फाडतो. त्याच दिवशी कडेनं बादलीभर पाणी ओतून बघा, गळालं तर पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन भरा, ओल्यावर ते धरत नाही.