परतीचा पाऊस, ओला मका आणि दहा रुपयांचे दाणे

खरिपाचा मका वाळत आलाय, भुईमूग उपटायला झालाय आणि नेमका आताच परतीचा पाऊस नाशिक जिल्ह्यात घुटमळतोय. येवला, चांदवड, मालेगाव, नांदगाव, सटाणा या पट्ट्यात दरसालची घाई ठरलेली: मका सोंगला, मळणीयंत्र लावलं, ट्रॉली भरली, बाजार समितीत ओतली. दिवाळीला पैसा हवा, कांद्याच्या लागवडीला रान मोकळं हवं. हे सगळं मान्य आहे. तरीही यंदा मळणी आठ-दहा दिवस लांबवा, कारण ओल्या दाण्याला विषारी बुरशी धरते.

मागच्या पावसाळ्यात सातपूरकडे एका कामगार वस्तीत पाहुण्यांकडे गेलो होतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शेंगदाण्याचे दोन डबे होते. एकात भरीव, लालसर दाणा. दुसऱ्यात तुकडा, सुरकुतलेला, मधूनच काळपट, आणि भाव जवळजवळ निम्मा. एका बाईने दहा रुपयांचा तुकडा घेतला. कडेवर दीड-एक वर्षाचं पोर होतं. घरी जाऊन ती दाणे भाजणार, कूट करणार आणि पेजेत कालवून त्याला भरवणार. दाणे पौष्टिक असतात हे तिला कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि त्यात खोटं काही नाही. मी मात्र त्या डब्याकडेच बघत राहिलो. आपण खळ्यावर चाळणीखाली जो माल काढतो आणि 'जाईल तेवढ्यात जाऊ दे' म्हणून देऊन टाकतो, तो कुणी फेकत नाही. उतरत उतरत तो सगळ्यात स्वस्त घेणाऱ्याच्या ताटात पोचतो.

अशा मालात अस्परजिलस नावाची हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि ती अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे विष माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. भाजून, शिजवून ते पुरतं जात नाही. बुरशी पुसली, दाणा धुतला, तरी आत मुरलेलं विष तसंच राहतं. दहा किलोच्या पोराला तेच कूट मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. वजन कमी, यकृत कोवळं, आणि रोज तेच ते दोन-तीन पदार्थ पोटात. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगोमध्ये लहान मुलांच्या रक्तात हे विष जितकं जास्त, तितकी उंची-वजनाची वाढ कमी आढळली. वाढ खुंटण्यामागे एकटं हेच कारण नसतं. पण भुकेल्या, वारंवार हगवण लागणाऱ्या पोराला ही भर नकोच.

आपल्याकडची गोष्टही फार जुनी नाही. १९७४ साली अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात शंभरावर माणसं काविळीने दगावली. त्या घरांतली कुत्रीसुद्धा आजारी पडली होती. आज अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालच्या नियमांनी धान्यात या विषाला किलोला १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे टनभर मक्यात १५ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठही याहून कितीतरी जास्त भरतं.

कणीस पिवळं पडलं, दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की मका पक्व झाला. पण तेव्हा दाण्यात ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते. पावसाचा अंदाज असेल तर मक्याचं ताट रानात उभं ठेवू नका, कणसं मोडून घ्या, सोला आणि छपराखाली आणा. आपल्याकडे त्याला आयती जागा आहे: कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची फटीफटींची हवेशीर शेड. उन्हाळ कांदा बहुतेकांचा आता चाळीतून निघालाय. सडका कांदा, पात, माती झाडून चाळ कोरडी करा आणि कणसं भरा, फार उंच थप्पी लावू नका. फटींतून वारा खेळतो, खालून हवा लागते, अंगणातल्या ताडपत्रीपेक्षा हे बरं. ताडपत्री रात्री झाकली की आत घाम धरते, आणि बुरशी तिथेच सुरू होते. चाळीत भरण्याआधी मात्र हिरवट, गुलाबी बुरशीची आणि अळीने पोखरलेली कणसं बाजूला काढा. हे काम बायकांच्या हाताला चांगलं जमतं असं म्हणून त्यांच्यावरच ढकलू नका, सगळ्यांनी बसा.

आता वजनाचं गणित. १०० किलो मका २० टक्के ओलीवरून १३ टक्क्यांवर आणला तर ९२ किलो भरतो. आठ किलो पाणी गेलं. ओल्या मालावर व्यापारी कपात धरतोच, त्यामुळे ते पाणी तसंही पुरतं विकलं जात नाही.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर मिठाची युक्ती करा. काचेची कोरडी बरणी घ्या, तिसरा हिस्सा मका आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घाला. मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी थांबा, आणखी दोन उन्हं द्या, १२-१३ टक्क्यांवर येऊ द्या, मगच पोती भरा. पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून.

भुईमुगाच्या बाबतीत एक सवय मोडायची आहे. वेल उपटून शेंगा वर करून पसरा, दोन-चार दिवस वाळू द्या आणि हलवल्यावर दाणा खुळखुळला की तोडा. शेंगेतली ओल ८ टक्क्यांपर्यंत आली पाहिजे. आणि शेंगा फोडताना दाणा तुटू नये म्हणून पाणी मारायचं बंद करा. वाळवलेल्या शेंगेवर पुन्हा बुरशी बसवायची याहून सोपी रीत नाही.

कुणी म्हणेल, मका माणूस कुठे खातो, तो तर कोंबड्यांना आणि स्टार्चला जातो. बहुतेक जातो, खरंय. पण दुभत्या गाईच्या खुराकातही जातो, शेंगदाण्याची पेंडही जाते. गाईच्या पोटातलं हे विष रूप बदलून दिवसभरात दुधात उतरतं, आणि तापवून जात नाही. खराब खुराक बंद केला तर तीन-चार दिवसांत दूध निवळतं. कुबट पेंड आली तर परत करा, 'थोडी थोडी खपवू' म्हणू नका.

बाजूला काढलेली कणसं आणि काळे दाणे बांधावर टाकू नका, मुरघासात (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात) दडपू नका. लांब खड्डा करून पुरा, तोंडाला फडकं बांधून. मळणीला आलेल्या मजुरांना 'न्या, कोंबड्यांना होईल' म्हणून देणं तर नाहीच. असा नेलेला मका पीठ होऊन गिरणीतून निघताना मी पाहिलाय.